आत्याला कुणी विचारलं

“पाळकसाहेब, देव मुकादमाला माफ करताना आमच्या आत्याला विचारतो का?”

पैज मैत्रिणींची होती, तोंड मात्र फटाकडीचं; घरीदारी तिला याच नावानं हाक मारत. चर्चचं पूर्ण सभासद होण्याआधीच्या दृढीकरणाच्या वर्गात मागच्या बाकावरून तिघींनी तिला डिवचलं होतं, “विचारून दाखव, नाहीतर आजपासून तुला फुसका बार म्हणू.” आता त्याच तिघी माना खाली घालून वहीत काहीतरी हरवल्यासारखं शोधत होत्या.

पाळकांनी चष्मा काढून पुसला. “देवाची दया कुणाला विचारून येत नाही, बाळ.”

“आणि न्याय?”

“तो त्याच्या दिवशी होईल. वही उघड.”

फटाकडीनं वही उघडली खरी, पण एक अक्षर डोक्यात शिरेना.

चार वर्षांपूर्वी आत्या धुलाईच्या कारखान्यात कामाला होती. हॉटेलांच्या ओल्या चादरी तापलेल्या दोन रुळांमध्ये सरकवायच्या, पलीकडून त्या कडक इस्त्री होऊन निघायच्या. बोटं आत जाऊ नयेत म्हणून रुळांपुढे लोखंडी जाळी असते. जाळीनं काम रेंगाळतं म्हणून मुकादमानं ती काढली आणि भिंतीला टेकवून ठेवली. आत्यानं दोनदा सांगितलं, जाळी बसवा. तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली तेव्हा उजव्या हाताची चार बोटं गेली होती.

मुकादम शिक्षा भोगून परत आला आणि गेल्या रविवारी चर्चमध्ये सगळ्या मंडळीसमोर गुडघे टेकून रडला. या मंडळीची जुनी रीत अशी की ज्या घराचा अपराध झाला, त्या घरातल्या कर्त्यानं उठून उत्तर द्यायचं. फटाकडीचे पप्पा, पेशानं सुतार, उठले आणि म्हणाले, “आमच्या घरानं क्षमा केली.” लोकांनी डोळे पुसले. पप्पांच्या पाठीवर इतके हात पडले की पाठ दुखली असेल. आत्या त्या दिवशी तापानं घरी पडून होती.

वर्ग सुटल्यावर फटाकडी तडक घरी आली. आत्या खाटेवर बसून डाव्या हातानं झग्याची बटणं लावत होती.

“तुला पप्पांनी विचारलं होतं?”

“मला? आल्यावर सांगितलं की. उद्या पाहुणे येणारेत म्हणून सांगतात ना, तसं.”

“आणि तुला राग नाही आला?”

“राग आहे म्हणून तर रोज उठून बसते.” बटण निसटलं. आत्यानं ते पुन्हा धरलं. “लोक न्यायाच्या दिवसाला भितात. मी वाट बघते. तिथे तरी कुणीतरी म्हणेल, बाई, काय झालं ते तू सांग. मग मी सांगीन, त्या जाळीपासून सगळं. ते ऐकून देवानं त्याला माफ केलं तर करू दे. मीही करीन कदाचित. पण आधी माझं ऐका की मेल्यांनो.”

फटाकडीच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढंसं ऐकून घ्यायला या बाईनं जगबुडीपर्यंत थांबायचं? ती खाटेवर आत्याला खेटून बसली आणि दोघी बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिल्या.

जेवताना आत्याचं ताट आतल्या खोलीत गेलं. फटाकडीनं स्वतःचं पुढे सरकवलं.

“पप्पा, तुम्ही हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवलंत.”

मम्मीचा घास हातातच राहिला.

“तोंड सांभाळ,” पप्पा म्हणाले. “अख्खी मंडळी माझ्याकडे बघत होती. माणूस गुडघ्यांवर होता. काय म्हणायला हवं होतं मी? थांब रे, घरी जाऊन विचारून येतो?”

“हो. घर दोन गल्ल्यांवर तर आहे.”

मम्मीनं आलेलं हसू पाण्याबरोबर गिळलं.

“आपल्याला सगळ्यांना क्षमा अशीच मिळाली आहे, काही न देता,” पप्पा म्हणाले. “मग आपण कोण अडवून धरणारे?”

“तुमच्या चुकांची तुम्हाला मिळाली. पण ही क्षमा वाटून टाकायला तुमची नव्हतीच. बोटं तुमची होती का?”

पप्पांनी हातांकडे पाहिलं. नखांत सरस वाळला होता. बोटं दहाच्या दहा. त्यांचा आवाज उतरला. “मग आता दयेचा शब्द परत घेऊ? घेतात का कुठे?”

“परत घेऊ नका. तुमच्यापुरता ठेवा.”

“ते मी बघीन. पण तू मंडळीत अवाक्षर काढायचं नाहीस. दृढीकरण झालेल्यांनाच तिथे बोलायचा हक्क असतो.”

“माझं रविवारी आहे,” फटाकडी म्हणाली. “पाळकांनी डोक्यावर हात ठेवला की मी सभासद. लगेच उठून सांगणार, या घरात मीही राहते आणि मी अजून क्षमा केलेली नाही. आत्याच्या वतीनं एक शब्द बोलणार नाही. ती माझ्या शेजारी बसणार आहे, मी तिला विचारलंय, ती हो म्हणाली. तिचं ती सांगेल, मुकादमासमोर. आणि तिचं सांगून होईपर्यंत तिथे कुणीही रडायचं नाही.”