चामखिळीची हजेरी

खोक्यांच्या कारखान्यात मला कायम व्हायचं होतं. त्यासाठी सलग सहा महिने हजेरी हवी, आणि हजेरी दारातलं यंत्र अंगठ्यावरून घेतं. माझा ठसा घेतला तेव्हा अंगठ्यावर वाटाण्याएवढी चामखीळ होती. त्याचं पुढे काय होईल, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

डॉक्टरांनी गार औषधाचा बोळा टेकवून ती गोठवली. पंधरा दिवसांत ती गळाली आणि यंत्रानं मला ओळख दाखवायचंच सोडलं. मी दिवसभर खोक्यांना चिकटपट्ट्या मारायचो, कागदोपत्री मात्र गैरहजर. नवा ठसा घ्या म्हटलं, तर साहेब म्हणाले, नवा ठसा फक्त हजर माणसाचा घेता येतो. साहेब वाईट नव्हते हो, नुसते साहेब होते.

महिन्याभरानं चामखीळ त्याच जागी परत आली. डॉक्टरांचं तोंड पडलं. विषाणू कातडीत दबा धरून बसतो, पुन्हा गोठवू म्हणाले. मी हात खिशात घालून तिथून काढता पाय घेतला. हजेरी पहिल्यापासून सुरू झाली. त्या चामखिळीला मी जिवापाड जपलं. बायकोपेक्षा जास्त, असं बायकोचं म्हणणं.

साडेपाच महिने झाले आणि ती बया आपणहून गळून पडली. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. त्याच आठवड्यात पाच वर्षांच्या लेकीच्या अंगठ्यावर तशीच एक उगवली. माझीच लागण, दुसरं काय. पेन्सिल धरली की तिथून रक्त यायचं. डॉक्टरांची वेळ घेतली आणि जाता जाता रजा मागायला तिला घेऊन कारखान्यात शिरलो. पोरीनं गंमत म्हणून यंत्रावर अंगठा टेकवला. हिरवा दिवा लागला आणि पडद्यावर माझं नाव आलं.

साहेब खूश झाले. मधले दोन-चार दिवस रजेत धरू, पंधरा दिवस हिला रोज आणा, मग तुम्ही कायम, म्हणाले. फक्त तोवर तिला औषध नको.

लेक अंगठ्यावर फुंकर घालत होती. मी जे इतके महिने जपलं, ते तिला दुखत होतं. मला माझीच लाज वाटली.

"साहेब, आजची हजेरी खोडा," मी म्हणालो.

"अहो, पण तुम्ही हजर आहात."

"मी नाही, ही आहे. आणि हिला डॉक्टरकडे जायचंय."