कुरणातली वाट

महाराष्ट्र राज्य झालं, त्याच्या पुढच्या वर्षी पाड्यावरची शाळा मोडली. पोरं कमी, म्हणून ती तलासरीच्या बाजूच्या गावातल्या मोठ्या शाळेत मिळवली, एवढं सांगून गुरुजी निघून गेले. गाव आणि पाडा यांच्या मधे शेठचं गवताचं कुरण. त्यातून एकच सरळ वाट. शेठचा मुकादम लडक्या, त्याचा पोरगा काकड्या शेठच्या बैलगाडीत बसून त्या वाटेने शाळेत जाई. बाकीच्यांना डोंगराला वळसा. पावसाळा सरेस्तोवर बहुतेक पोरं शेळ्यांमागे गेली.

बुधीची पोर शुक्री मात्र कुरणातूनच जायची. तिचा बाप धाकल्या हा गवतकापणीच्या संपात पुढे होता. तेव्हापासून त्या घराला तर शेठची वाट बंदच होती, पण नऊ वर्षांच्या पोरीला त्याचं काय?

एका दुपारी ती पाठ फोडून घेऊन आली. मानेपासून कमरेपर्यंत लडक्याच्या चाबकाचे वळ, हातात पाटीचे तुकडे. धाकल्याने कुऱ्हाड उचलली. बुधी दारात आडवी आली.

"तू गेलास तर मुडदाच पाडशील. फासावर जाशील. मी जाते."

सकाळी शुक्रीचा हात धरून ती कुरणात शिरली. लडक्या काठी घेऊन वाटेतच उभा होता. मागे गाडीत काकड्या.

"बुधे, माघारी फिर."

"लडक्या, तूही याच पाड्यावरचा. पोरीला जाऊ दे."

"संपवाल्याची पोर शिकून काय करणार? आणखी एक संप?"

त्याने काठी घातली. बुधीच्या खांद्याचं हाड कडकन वाजलं. ती खाली बसली. दुसरा फटका शुक्रीवर उगारलेला दिसला, तशी तिने त्याच्या मनगटाचा चावा घेतला, तो तोंडात रक्त येईस्तोवर सोडला नाही. काठी गळाली. तीच उचलून तिने त्याचा गुडघा फोडला. तो पडला तरी ती मारतच राहिली.

"माझ्या बाबाला मारू नको!" काकड्या किंचाळला. तेव्हा कुठे तिचा हात थांबला.

"शाळेत पळ," ती शुक्रीला म्हणाली. पोर पळत सुटली.

संध्याकाळी फौजदार आला. धाकल्या पुढे झाला. "मी मारलं. बाई काय मारणार?" फौजदाराला ते लगेच पटलं; बाईच्या हातून मार खाल्ला हे लडक्यानेही सांगितलं नाही. शिपायांनी अंगणातच बंदुकीच्या दस्त्याने त्याचं तोंड फोडलं आणि हात बांधून नेलं. त्याला दोन वर्षांची सजा झाली.

लडक्या कायमचा लंगडा झाला. त्यानंतर त्या वाटेवर कोणी आडवं आलं नाही. पाड्यावरची पोरं शेळ्या सोडून पुन्हा शाळेत जाऊ लागली. बुधी मात्र मोडक्या खांद्याने बोर्डीच्या बाजूला चिकूच्या वाडीत मजुरीला जाई, आणि तान्ह्या भावाला, तुक्याला सांभाळायला शुक्री घरी राही.

"आये, मी कधी जाऊ?"

"बाप सुटून आला की."

बाप सुटून आला. तोवर शुक्री आईच्या जोडीने वाडीत चिकू वेचू लागली होती. बुधी म्हणाली, "आता जा शाळेत."

"काकड्या सहावीत गेला," शुक्री म्हणाली. "मी लहान पोरांत बसू?"

टोपली उचलून ती पुढच्या झाडाखाली गेली.