शेपटीवरचा रंग

मोतीरामच्या विमानाला रंग मी द्यावा, ही कल्पना त्याची. माझी असती तर मी ती कुणाला बोलून दाखवली नसती. शाळेच्या ग्रंथालयात नोकरीला असताना मी पुस्तकांच्या पाठींवर बारीक ब्रशने क्रमांक लिहीत असे. रंगकामाचा अनुभव तेवढाच. पण मोतीरामचा उजवा हात आता कापतो. विमानाचा हलक्या बाल्सा लाकडाचा सांगाडा त्याने हात धड असताना केला होता. रिमोटवर उडणारं, पेट्रोल इंजिनाचं, पंख माझ्या उंचीहून बरेच लांब. ते एकदा उडालेलं पाहायचं, एवढंच त्याला हवं होतं. दुसरं बांधणं आता त्याच्याने होणार नव्हतं.

मखमलाबादच्या त्याच्या शेडमध्ये झेंडूचे क्रेट उपडे घालून त्यांवर विमान ठेवलं होतं. पाण्याचा पॉलिश पेपर मारायचा, पुसायचं, रंगाचा फवारा द्यायचा, वाळू द्यायचं, पुन्हा पेपर. या कामात बोलावं लागत नाही, म्हणून मला ते जमलं असावं. पांढरा रंग पुरा झाल्यावर मोतीराम आणि त्याचा पुतण्या समाधान यांनी पंखांखाली बोटं धरून विमान उचललं. नाक किंचित खाली झुकलं.

"बास, असंच पाहिजे," मोतीराम म्हणाला. "शेपूट जड झाली की खेळ खलास. आता याच्यावर माशीसुद्धा बसू द्यायची नाही."

मग दसरा आला. मोतीरामच्या बायकोने, कलावहिनींनी, शेडमधल्या सगळ्याची पूजा केली. ट्रॅक्टर, फवारणीचा पंप आणि विमान. विमानाच्या उभ्या शेपटीवर त्यांनी ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. दुसऱ्या दिवशी मी गेलो, तर कुंकू कच्च्या रंगात मुरलेलं. पुसायला गेलो, तर गुलाबी डाग पसरला.

"भाऊजी, ट्रॅक्टरच्या आधी त्याला मान दिला बरं का," वहिनी दारातून म्हणाल्या. "ह्यांचा लय जीव हाय त्याच्यावर."

"छान केलंत," मी म्हणालो.

मोतीराम कळवणला लेकीकडे गेला होता. मी शेपटीवर पांढरा हात दिला. सकाळी त्यातून गुलाबी वर आलं. पुन्हा दिला, पुन्हा आलं. शेवटी डाग झाकला गेला, तोवर शेपटीवर रंगाची साय धरली होती.

शेपूट पंखांपासून लांब असते, त्यामुळे तिथलं थोडं वजनही भारी पडतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण मोतीरामसमोर विमानाबद्दल बोलणारा मी कोण? शिवाय विषय काढला असता, तर कुंकवाचं सांगावं लागलं असतं.

रविवारी त्र्यंबक रस्त्याच्या आतल्या माळावर गेलो. वहिनीही डबा घेऊन आल्या होत्या. समाधानने इंजिन चालू केलं आणि रिमोट घेऊन मागे सरकला. मी "थांबा" म्हणालो. ते मलाच ऐकू आलं नाही. मग मी चालत जाऊन विमानाच्या वाटेवर उभा राहिलो.

समाधानने इंजिन बंद केलं.

"मरायचंय का रे लायब्ररी?" मोतीराम ओरडला.

"शेपटीला मी पुन्हा रंग दिलाय. जास्त."

"कशाला?"

"रेघ वाकडी आली होती."

"पांढऱ्यावर कुठली रेघ?"

दोघांनी विमान बोटांवर उचललं. शेपूट सावकाश खाली गेली आणि तिथेच राहिली.

"हे वर गेलं असतं," मोतीराम म्हणाला, "अन् उलटं येऊन आपटलं असतं."

समाधानचं टायरचं दुकान आहे. चाकं समतोल करायला लावतात त्या शिशाच्या चिकट पट्ट्या त्याच्या गाडीत होत्या. मी घासून गुळगुळीत केलेल्या नाकावर त्याने त्या एकेक करून डकवल्या. विमान पुन्हा उचललं. पुन्हा दोन पट्ट्या. ते ध्यान दिसत होतं.

तेवढ्यात कलावहिनी शेपटीजवळ वाकल्या. रंगावरून बोट फिरवत म्हणाल्या, "इथंच काढलं होतं मी. बिघडवलं का?"

"नाही वहिनी, माझंच—"

"खोटं बोलाया येत नाय तुम्हाला भाऊजी, तर बोलू नका. मला सांगायचं ना. नुसती फुलं वाहिली असती."

मोतीराम हसला नाही. त्याने कापरा हात माझ्या खांद्यावर टेकवला आणि समाधानला म्हणाला, "सोड."

विमान माळावरून धावलं, उचललं गेलं आणि कडेच्या बाभळींच्या वरून वळलं. नाकावरचं शिसं इतक्या लांबून दिसत नव्हतं.

"उद्या ये," मोतीराम वर बघतच म्हणाला. "शेपूट खरवडायचीय. सगळी."