जानेवारीनंतर मार्च

रायपूर राजधानी झाली आणि नरहरला सरकारी खात्यात कॉम्प्युटरवर बसवलं. तेव्हापासून ब्राह्मणपारा या जुन्या मोहल्ल्यातल्या घरी तो जरा छाती काढूनच यायचा. पण पद्मजाताईंचा त्याच्यावर जीव. आईमागे त्यांनीच या धाकट्या भावाला वाढवलेलं. मास्तरकीतून निवृत्त होऊन त्यांनी मराठीत ब्लॉग सुरू केला तेव्हा पासवर्डही त्यालाच ठेवायला दिला. कच्च्या वह्या त्याच्याच सांगण्यावरून रद्दीत गेल्या. ब्लॉगवर टाकलेलं कायम राहतं म्हणे.

तीन वर्षांत दीडशे लेख झाले, पण सगळे एकाखाली एक. जुनं काही शोधायचं तर बोट दुखून यायचं. दिवाळीच्या सुट्टीत नरहर आपण होऊन ते आवरायला बसला. वर्षं लावली, वर्षांखाली महिने लावले, प्रत्येक पानाच्या तळाशी 'मागचा महिना' आणि 'पुढचा महिना' अशी बटणं बसवली. ताईंनी त्याला पोटभर चकल्या खाऊ घातल्या आणि शेजारीपाजारी भावाचं कौतुक सांगून आल्या.

तो गेल्यावर त्या हौसेनं एकेक महिना उघडत बसल्या. २००९चा जानेवारी वाचून पुढचा महिना दाबला तर मार्च आला. मागचा दाबला तर पुन्हा जानेवारी. बटणं इतकी चोख चालत होती की परक्या वाचकाला काही गेलंय याचा पत्ताही लागला नसता.

फेब्रुवारीत इंदूवरचे नऊ लेख होते. इंदू ही मधली बहीण. तिनं रेल्वेतल्या गौतमशी, एका बौद्ध मुलाशी लग्न केलं आणि बाबांनी घरात तिचं नाव काढायची बंदी केली. ती रायपूरला लागूनच्या बीरगावात वारली तेव्हा इथून कुणी गेलं नाही. ताईसुद्धा नाही. ते सारं, स्वतःच्या भित्रेपणासकट, त्यांनी त्या एका महिन्यात लिहून काढलं होतं.

त्यांनी फोन लावला. नरहरनं आढेवेढे न घेता तो महिना आपणच पुसल्याचं सांगितलं. त्याच्या मुलीला, देवश्रीला, नागपूरचं स्थळ सांगून आलं होतं. पूर्वी लोक पाऱ्यात येऊन चौकशी करायचे, आता घरबसल्या ब्लॉग वाचतात, असं त्याचं म्हणणं.

"पोट्टीचं जमून राहिलं, ताई. लग्न झालं की टाक ना पुन्हा."

"कुठून टाकू? वह्या तं तूच फेकायले लावल्या."

"मले माहीत आहे," तो म्हणाला.

ताईंनी फोन ठेवला. परक्यानं दगा दिला तर चार शिव्या हासडता येतात. कडेवर खेळवलेल्या माणसाला काय म्हणायचं? राग स्वतःचाही आला. बाबांपुढे आपण तोंड उघडलं नाही, म्हणूनच याची हिंमत झाली, हे त्यांना पक्कं कळलं.

पासवर्ड बदलायला त्यांना अर्धा तास लागला. मग त्या नवा लेख लिहायला बसल्या, पण ते नऊ लेख शब्दाला शब्द कुठून आठवणार? डोळे पुसत त्यांनी एकच ओळ लिहिली आणि तेवढीच प्रसिद्ध केली.

'इंदू माझी सख्खी बहीण होती, आणि नरहरचीही.'