हेरॉनच्या ओटीवर

विचुंब्याच्या दयारामांनी टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं तारा ओढल्या. निवृत्त झाल्यावर जुन्या पनवेलचा एकेक खांब आठवून, कुणाच्या घरी कुठली तार गेली होती त्याचा नकाशा त्यांनी संगणकावर काढला. तोही हेरॉनवर. संगणक चालवणारी, पण जगात पाच-सहाशे माणसंच वापरत असतील अशी ही यंत्रणा. नकाशा तिच्याशिवाय कुठंच उघडत नसे, आणि तिला दीपेशची, म्हणजे त्यांच्या मुलाची, लग्नाच्या फोटोंची नवी डिस्क ओळखू येत नसे.

"येत्या नाही, त्यापुढच्या रविवारी मी हेरॉन पुसून दुसरी यंत्रणा टाकतो," दीपेश म्हणाला. "आपल्याच लग्नाचे फोटो बघायला शेजारी जायचं का?"

"आन् नकाशा?"

"बाबा, त्यातला निम्मा गाव आता बिल्डरांखाली गेलाय."

सून मोनालीला हे पटलं नाही. ती घरूनच प्रोग्रामिंगची नोकरी करी.

"यंत्रणेच्या पोटात हात घातला आणि चुकलं, तर सगळं मशीन आडवं होतं," तिनं सासऱ्यांना सांगितलं. "म्हणून डिस्क वाचणारा प्रोग्राम मी बाहेरच बसवते. आत फक्त एक निरोप्या. फाइल हवी असली की तो बाहेरच्याला विचारणार."

"म्हंजे पावना ओटीवर. पडला तरी माजघर शाबूत."

"अगदी तसंच."

पंधरा दिवस दोघं रोज संगणकापुढं बसली. शनिवारी दुपारी डिस्क जोडली, फोल्डर दिसला आणि तिथंच सगळं थिजलं. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच.

"प्रोग्राम आपल्या कामाच्या नोंदी लिहितो ना, त्यातली शेवटची ओळ अर्धीच राहतेय," मोनाली म्हणाली.

"नोंदी ठेवल्यास कुठं?"

"तुम्ही म्हणालात तिथंच. डिस्कच्या फोल्डरात."

म्हणाले होते खरे. लाइनमनचा शिरस्ताच तो. काम ज्या पेटीत, बिघाडाची वही त्याच पेटीत टांगायची, म्हणजे पुढच्याला शोधत फिरावं लागत नाही.

दयारामांनी चहाचा कप खाली ठेवला. "नोंद लिवायची तर तो बाहेरचा पावना यंत्रणेला सांगनार. यंत्रणा बगते, फोल्डर तर बाहेरच्याच्या ताब्यात हाय. ती त्यालाच इचारते. आन् तो बसलाय नोंद लिवायची वाट बगत."

मोनालीनं कपाळावर हात मारला. "स्वतःचीच वाट बघतोय बिचारा."

"माज्यामुळं झाला."

"माझ्यामुळंही. सासऱ्याचं इतकं ऐकायचं नसतं."

नोंदी दुसरीकडं हलवल्या, तशी डिस्क उघडली. रविवारी दीपेश दुसऱ्या यंत्रणेचा पेनड्राइव्ह घेऊन आला, तेव्हा पडद्यावर त्याचीच वरात चालली होती.

"फोटो फार हळू उघडतायत," तो म्हणाला.

"हळू हाय, पन हाय," दयाराम म्हणाले.

दीपेशनं पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि खुर्ची ओढली. "ती दिपाआत्या रुसलेली कुठंय? तिथं चला."

संध्याकाळी मोनालीनं सगळं काम हेरॉन बनवणाऱ्या लोकांकडं पाठवलं. काम करणाऱ्यांच्या यादीत आपल्या नावाखाली तिनं दयारामांचं नाव घातलं होतं.

"माजा कशाला?"

"चूक तुम्ही शोधलीत."

"केली पन मीच."

"तेही लिहिलंय," मोनाली म्हणाली.