तेरड्यापासून दोन हात लांब

मित्रांनो, शाळेला अजून वेळ आहे ना? मग दप्तरं ठेवा खाली अन् टेका जरा या बांधाला. कडेला टेका, तेरड्यावर नको. एक गोष्ट सांगतो तुम्हांला. ऐकीव नाही, माझ्याच अंगावरून गेलेली.

मी एक जुनं फडकं आहे. बघा वर, काठीला बांधलेलं. रंग उडालाय, कडा विरल्यात, मधोमध जाळी झालीय. हसू येत असेल तर हसून घ्या. पण ही जाळी आता पडलेली नाही, ती जन्माची आहे. सगळी गोष्ट तिच्यापासूनच सुरू होते.

माझा जन्म भिवंडीचा, धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीतला. दोन हजार तीन साल. लूमची, म्हणजे यंत्रमागांची, खडखड एवढी, की तिथं माणसं बोटांनीच बोलायची. मला विणलं विठूनं. हा याच दिघाशी गावचा गडी, कामाला तिकडं असायचा. त्या दिवशी त्याचं लक्ष भज्यांच्या पुडीकडं गेलं अन् आडवा धागा तुटला. तो धागा नेणारा धोटा नुसताच इकडून तिकडं पळत राहिला. विठूला कळेपर्यंत माझ्या पोटात वीतभर पट्टा विरळ पडला होता. मुकादमानं मला उजेडात धरलं.

"अबे विठू, कपड़ा बुना है या चाय की छन्नी? फाड़ के अलग कर."

म्हणजे जगात आल्या आल्या मी वाया गेलो. विठूनं मला फाडलं, घडी करून खिशात कोंबलं अन् सुट्टीला गावी येताना वहिनीसाठी घेऊन आला.

वहिनी म्हणजे हौसाबाई. तिनं मला पाण्यात बुडवलं, वर धरलं, पाणी कसं निथळतं ते बघितलं अन् म्हणाली, "भाऊजी, असंच पायजे व्हतं मला."

माझ्यातली खोडच तिला आवडली, बघा. तिची एक पद्धत होती. भाताचं बी पेरायच्या आधी ती त्यातलं मूठभर रात्री भिजत घालायची. सकाळी ते माझ्यात घट्ट बांधायची अन् चुलीमागच्या उबेला ठेवायची. जाड कापडात पाणी साचून बी कुजतं. माझ्या जाळीतनं जादा पाणी निघून जायचं, ओल तेवढी राहायची. तीन दिवसांनी गाठ सोडली की पांढरे पांढरे मोड. किती फुटले, किती आंधळे राहिले ते मोजून ती सांगायची, बी पेरायचं का परत करायचं. तिचा अंदाज कधी चुकला नाही. आळीतल्या बाया मला मागून न्यायला लागल्या. "हौसाचं फडकं द्या गं जरा." लूमवर ज्याला छन्नी म्हणून फाडलं, त्याला इथं मान. माझी खुंटी दाराशेजारची, तिथं दुसरं कुणी काही अडकवायचं नाही.

हौसाचा नवरा महादू. हा विठूचा थोरला भाऊ. कष्टाळू माणूस, पण कंबर गेलेली. पूर्वी बेननीला, म्हणजे तण उपटायला, आळीतल्या सात-आठ बाया यायच्या. पुढं मानकोलीकडं मोठमोठी गोदामं झाली, बाया तिकडं खोकी भरायला जायला लागल्या. महादू एकटा किती वाकणार? कुणीतरी त्याला तणाची पावडर दाखवली. पाण्यात कालवायची, पाठीवरच्या पंपात भरायची, मारायची. तण वाकडंतिकडं होऊन मरतं, भाताला काही होत नाही. महादूनं पहिल्यांदा पंप मारला अन् संध्याकाळी सरळ उभा राहून चहा प्यायला. त्याचा मला राग नाही बरं का. दुखणाऱ्या कंबरेनं आणखी काय करायचं?

फक्त दोन गोष्टी त्यानं कुणाला न सांगता केल्या.

पहिली ही. मिरगात वाफ्याच्या कडेचं तण दोन पानांवर असताना तो पावडर मारायचा. पंपात अर्धंमुर्धं औषध उरायचं. ते टाकायचं कुठं? विहिरीजवळ नको, गुरांकडं नको, म्हणून तो ते बांधावर ओतायचा. चांगल्याच बुद्धीनं. दुसरी गोष्ट सांगतो पुढं.

आता हा बांध साधा नव्हता. हौसाच्या घरची रीत अशी, की भादव्यात गौर बसायची ती तेरड्याची. अन् तेरडा आपल्याच बांधावरचा, मुळासकट उपटून आणलेला. मागायचा नाही, विकत घ्यायचा नाही. तो कुणी लावतही नव्हतं. आपसूक यायचा, गुलाबी फुलायचा. शेंग पिकली की बोट लावताच फुटायची अन् बी उडायचं. हौसा शेंगेखाली ओंजळ धरून थोडं बी झेलायची, तपकिरीच्या डबीत ठेवायची. सासूनं सांगितलं होतं म्हणून.

पावडर आल्यावर दुसऱ्याच साली बांध बोडका. हौसानं डबीतलं निम्मं बी पहिल्या पावसावर तिथं टाकलं. काही दिसलं नाही. उगवलं कधी अन् करपलं कधी, कुणी पाहिलंच नाही.

"तुमच्या पावडरीनं तर न्हाय?" तिनं विचारलं.

महादू म्हणाला, "ती तन मारते. तेरडा काय तन हाय व्हय?"

त्याला मनापासून तसंच वाटत होतं. पण पावडरीला कुठं कळतंय, कोण तण अन् कोण गौर.

त्या भादव्यात हौसा शेजारच्या ठकुबाईकडं गेली. घराची रीत मोडून तिच्या बांधावरचा तेरडा मागितला. ठकुबाईनं दिला, पण तोंड बंद ठेवलं तर ती ठकुबाई कसली?

"ने बाई. पन उसनी गौर पाटावर बसते, घरात न्हाय बसत."

हौसा तेरडा घेऊन घरी आली. पण तीन दिवस तिनं गौरीकडं नीट वर बघितलं नाही, हे मी खुंटीवरनं पाहिलं.

पुढच्या जेठात तिनं ठरवलं, आता बी मातीच्या भरवशावर टाकायचं नाही. घरात मोड काढायचे, रोप करायचं, मग बांधावर लावायचं. आधी नेहमीसारखं भाताचं बी माझ्यात बांधलं. मोड आले, जरा आखूड, पण आले. मग डबी उघडली. सदतीस दाणे उरले होते. त्यातले वीस तिनं भिजवले अन् माझ्यात बांधले. असं बांधलं, जसं तान्ह्याला दुपट्यात बांधतात.

मित्रांनो, त्या चार दिवसांत मला माझंच भय वाटलं. दाणे ओल प्यायले, फुगले, टरफल उकललं. मुळीचं टोक बाहेर आलं अन् तिथंच अडलं. सरळ जायचं सोडून वळलं, जाड झालं, मग तपकिरी. वीसच्या वीस. मी त्यांना धरून होतो अन् माझ्याच पोटात ते मरत होते.

हौसानं गाठ सोडली अन् तशीच बसली.

महादू म्हणाला, "जुनं बी. दम गेला आसंल."

ठकुबाई दारात होतीच. "भात फुटतंय आनि तेरडा न्हाय. मंजी हात चांगला हाय, गौर रुसली हाय."

डबीत सतरा दाणे राहिले. हौसानं डबी मिटली अन् कमरेला खोचली. दोन दिवस ती जेवली ती नावाला.

शुक्रवारी लूमला सुट्टी, विठू आला. वहिनीचं तोंड बघून त्यानं सगळं विचारून घेतलं. मग खुंटीवरनं मला काढलं, नाकाला लावलं अन् माझी जाळी उजेडात धरली.

"वैनी, हे मी विनलंय. ह्याला आसा वास नव्हता. दादा, ह्यात काय बांदलं व्हतंस?"

महादू छत्रीची काडी सरळ करत होता. ती आधीच सरळ झाली होती, तरी करत राहिला.

"बांदलं न्हाय काय. गाळलं व्हतं."

"काय गाळलं?"

"पावडरीचं पानी. गुठळ्या ऱ्हातात, पंपाचं तोंड तुंबतं. ह्याची जाळी बरी व्हती."

ही दुसरी गोष्ट. दोन वर्षं तो मला गुपचूप न्यायचा अन् परत आणून अडकवायचा.

हौसा म्हणाली, "माज्या बियाच्या फडक्यातनं?"

"धुतलं व्हतं की मी. वढ्यात. दोनदा."

"जल्मात सवताची बंडी धुतली न्हाय तुमी. आनि हे दोनदा धुतलं."

विठूला हसू आलं, पण त्यानं ते गिळलं. "दादा, कापूस प्यायलेलं सोडत न्हाय. कापडाला खळ लागली की आमी चार पान्यानं धुतो, तरी रंग नीट बसत न्हाय. हे दोन वर्सं पावडरीचं ईख प्यायलंय."

"मग भात कसं फुटलं?" महादू म्हणाला. "ईख आसतं तर भात पन मेलं आसतं."

हा प्रश्न खरा होता. हौसाच हळू बोलली, "तुमीच सांगितलं व्हतं ना, भाताला काय व्हत न्हाय म्हनून."

महादूची काडी थांबली. पण माणूस हट्टी. म्हणाला, "बी जुनं हाय."

हौसानं डबी काढली. सतरा दाणे तळहातावर घेतले. घरच्या गौरीचं सगळं बी तेवढंच, मित्रांनो. पाच दाणे तिनं बाजूला सारले.

"हे पाच तुमच्या हट्टापायी. ह्या फडक्यात. आनि बाकीचे बारा भाऊजींच्या नव्या रुमालात. एकाच डबीचं, एकाच पान्याचं, एकाच चुलीमागं."

मला ओरडावंसं वाटलं, की मला एकही देऊ नका. पण फडक्याला तोंड कुठं असतं?

चौथ्या दिवशी महादू कधी नव्हे तो चुलीपाशी येऊन बसला. रुमाल सोडला, तर दहा दाण्यांना मोड. सरळ, पांढरे. मग मला सोडलं. तीन दाण्यांची मुळी वाकडी होऊन थांबलेली, दोन नुसतेच फुगलेले. महादूनं त्यातला एक बोटावर घेतला. डोळ्यांपाशी नेला. बराच वेळ बघत राहिला.

"उरलेला अर्दा पंप मी बांदावर वतायचो," तो म्हणाला. "दर साली."

हौसानं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला.

दहांतली सात रोपं जगली. त्या मिरगात महादूनं बांधावर थेंब पडू दिला नाही. पावडर त्यानं पुरती सोडली नाही, खोटं कशाला सांगू, पण लागेल तेवढंच पाणी कालवायला लागला अन् बांधाची कड हातानं उपटायला लागला. कण्हत, शिव्या देत, पण हातानं.

भादव्यात हौसानं सातांतलं एकच रोप उपटलं. बाकीची बियाला ठेवली. ठकुबाई आली, पाटाकडं बघत म्हणाली, "एवडीशीच गं गौर?"

"एवडीशीच," हौसा म्हणाली. "पन बसलीय."

ठकुबाई हळद-कुंकू वाहून गेली. जाताना महादूला विचारून गेली, की तिच्या घरी पावडर गाळायला कुठलं फडकं घ्यावं अन् मग ते ठेवावं कुठं.

माझं काय झालं? हौसा मला चुलीत घालणार होती. महादूनंच हात धरला. "ऱ्हाऊ दे. मला ईसर पडतो." त्यानं मला या काठीला बांधलं अन् काठी बांधावर रोवायला लागला, पंप कुठं थांबवायचा त्याची खूण म्हणून. हौसा मागनं म्हणाली, "तिथं नको. पावसानं त्याच्यातलं पानी गळंल माज्या तेरड्यावर. दोन हात लांब रोवा."

तेव्हापासून मी इथं, दोन हात लांब. दर साली तेरडा फुलतो, शेंगा फुटतात, बी उडतं. एखादा दाणा माझ्या दिशेनं आला की मी वाऱ्याला सांगतो, याला तिकडंच ने बाबा. बी पोटाशी धरायला मला विणलं नव्हतं, पण त्या बियानंच मला मान दिला. त्याला आता लांबूनच बघायचं.

मित्रांनो, दप्तर उचलताय, उचला. एकच मागणं आहे. तुमच्या घरी औषध गाळायचं फडकं असेल, तर त्याची खुंटी वेगळी करा. अन् कुणी पंप घेऊन बांधाकडं निघालेलं दिसलं, तर त्याचा हात धरून इथं आणा. म्हणावं, हे फडकं दिसतंय ना? याच्या पुढं ना यानं जायचं, ना तुमच्या पंपानं.