लेकीने बसवलेली सीट

मित्रांनो, मी एक जुनी सीट आहे. मोटारीची, ड्रायव्हरच्या बाजूची, अस्सल चामड्याची. माझा रंग तपकिरी. कडेला एक ओरखडा आहे, तो सोडला तर अंगावर कुठे डाग सापडायचा नाही. इतकी माझी निगा राखली जाते. ती बघून तुम्हाला माझा हेवा वाटेल, म्हणून आधीच सगळे सांगून टाकते.

माझे कातडे एका जनावराच्या पाठीवर होते. त्या जनावराचे मला काही आठवत नाही. आठवतात ते कातडी कमावण्याचे हौद, त्यांचा उग्र दर्प आणि कमावणाऱ्याचे खरखरीत हात. पुढे कारखान्यात मला कापले, आत फोम भरला, दुहेरी टीप घातली आणि एका लांबलचक गाडीत बसवले. गाडीच्या मालकांना सगळे साहेब म्हणत. साहेब मागे बसत आणि माझ्यावर त्यांचा ड्रायव्हर बसे. बसे म्हणजे काय, टेके. पाठ कधी मागे लावायची नाही, कोपर कधी कडेवर ठेवायचे नाही. गाडीत चढणारा प्रत्येक पाहुणा "वा, काय चामडं आहे!" म्हणायचा आणि मी फुगायचे. अकरा वर्षे अशी फुगण्यात गेली.

मग एका ट्रकने आमची मागची बाजू चेपली. साहेब त्या दिवशी गाडीत नव्हते, ड्रायव्हरलाही खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. पण गाडी भंगारात गेली. तिथे उन्हापावसात मी दीड वर्ष काढले. एका मांजरीने माझ्यावर दोनदा पिल्ले घातली. तेवढाच काय तो शेजार. कौतुकाची सवय झालेल्याला भंगार फार बोचते, मित्रांनो.

एके दिवशी तिथे एक बाई आली. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या दुकानात ती कामाला होती. तिने मला उन्हात ओढले, ओल्या फडक्याने पुसले आणि नखाने माझी टीप चाचपून पाहिली. बरोबर गाड्यांचे कुशन शिवणारा एक पोक्त कारागीर होता. त्याला सगळे उस्ताद म्हणत.

"टीप शाबूत आहे, उस्ताद."

"टीप शाबूत आहे, ताई, पण ही मोठ्या गाडीची सीट. तुमच्या डबीएवढ्या गाडीत बसवायला खालचे रूळ बदलावे लागतील. सीट दोन बोटं वर येईल. मी तर म्हणतो, तुमची कापडी सीट धड आहे. उसवलंय तेवढं शिवून देतो."

"शिवायला मला येत नाही का? पण बाबांनी बत्तीस वर्षं लोकांच्या चामड्यावर बसून गाड्या चालवल्या. घरी आले की म्हणायचे, आपल्या गाडीला असं चामडं पाहिजे होतं. आता त्यांच्याकडे दिवस किती उरलेत? मला हे करू द्या."

"करा बाई. हौसेला मोल नाही."

मग माझ्याबरोबर माझी शेजारची सीट, मागची लांब सीट, दारांचे चामडी अस्तर आणि स्टिअरिंगचे आवरणही तिने घेतले. अर्धवट काही करणे त्या बाईच्या स्वभावातच नव्हते.

उस्तादच्या गाळ्यात त्या दुपारी मी जमिनीवर पडले होते. माझ्याशेजारी त्यांनी कापडी सीट काढून ठेवली. करड्या पट्ट्यांची, मधोमध खळगा पडलेली, उजव्या कडेला फोम बाहेर आलेली. सवतीशी बोलावे तशी मी जरा तोऱ्यातच होते. ती मात्र शांत होती.

ती म्हणाली, "बाई गं, दोन गोष्टी सांगते, ऐक. म्हातारा उजवीकडे कलून बसतो, तिथे त्याला आधार दे. आणि त्याला आता घरात कुणी ओळखू येत नाही. लेकीलाच विचारतो, तुम्ही कोण. पण माझ्यावर येऊन बसला की सगळं त्याच्या ध्यानात येतं. गाडी अंगणातच उभी असते, किल्ली लेकीने लपवलीय. ती चार वाजता कामावरून येते आणि शेजारी बसते. तो म्हणतो, 'ठके, पट्टा लाव.' लहानपणापासून तो तिला ठकीच म्हणतो. मग दोघं अर्धा तास जागच्या जागी गाडी चालवतात. तेवढा अर्धा तास ती त्याची लेक असते."

माझा तोरा उतरला. मी म्हणाले, "मी सांभाळीन."

मित्रांनो, ते मी अगदी मनापासून म्हणाले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाईने बापाला हाताला धरून अंगणात आणले. स्वच्छ सदरा, ताजी दाढी. दार उघडून ती म्हणाली, "बघा बाबा, काय आणलंय तुमच्यासाठी!"

म्हातारा वाकला. त्याने माझ्यावरून हात फिरवला, तो नाकाशी नेला आणि वास घेतला. त्याचा चेहरा उजळला. बाईने तोंडावर पदर धरला, तिला रडू येत होते आनंदाने.

मग म्हाताऱ्याने पायातल्या वहाणांची माती झटकली. दाराच्या चौकटीला हात लावून तो आत आला आणि माझ्या पुढच्या कडेवर टेकला. फक्त टेकला. पाठ मागे लावली नाही, कोपर ठेवले नाही. ते बसणे मी ओळखले आणि माझ्यातला फोमसुद्धा गार पडला.

बाई पलीकडून येऊन शेजारी बसली. वाट बघत राहिली. शेवटी तिनेच म्हटले, "पट्टा लावू का, बाबा?"

तो दचकला. घाईघाईने उतरला, पलीकडे गेला आणि मागचे दार उघडून अदबीने उभा राहिला.

"बाईसाहेब, तुम्ही मागे बसा. साहेब येतीलच आता."

"बाबा, मी आहे. ठकी."

"ठकी घरी आहे," तो हळू आवाजात, जणू चोरीची गोष्ट सांगावी तसा म्हणाला. "तिला मी इथे आणत नाही. साहेबांना चालत नाही."

त्या दिवशी बाईला वाटले, नवेपणा आहे, चार दिवसांत सवय होईल. चार दिवस गेले, आठ गेले. मी माझ्या परीने खूप केले. उन्हात तापून मऊ झाले, उजवीकडे जितके दबता येईल तितके दबले. पण तो उजवीकडे कलेचना. मालकाच्या गाडीत कलून कोण बसतो?

नवव्या दिवशी बाई स्वतः गाडी चालवत त्याला उस्तादकडे घेऊन गेली. म्हातारा मागे बसायला तयार होईना, पुढेही बसेना. शेवटी शेजाऱ्याने कसाबसा त्याला पुढे, तिच्या बाजूला बसवला. वाटभर तो "मला कामावरून काढतील" एवढेच म्हणत होता.

"उस्ताद, ती कापडी सीट परत बसवा. चामडं तुम्हीच ठेवून घ्या."

उस्तादने कपाळाला हात लावला. "ताई, तुम्हीच म्हणालात ना, ठेवून घ्या, मला अडगळ नको? फोम कापून मी स्टुलांच्या गाद्या केल्या. त्या गेल्यासुद्धा. कापड हात पुसायला घेतलं." त्यांनी कोपऱ्यातले ग्रीसने काळे झालेले फडके उचलून दाखवले. त्यावर करडी पट्टी पुसटशी दिसत होती.

बाईने ते फडके मागून घेतले. उस्तादने बिचाऱ्याने तीन भंगारवाले पालथे घातले, पण त्या जातीच्या गाड्या कधीच्या वितळून गेल्या होत्या. मग बाईने फडके धुऊन त्याच्यासारखे कापड शोधले. सुट्टीच्या दिवशी मशीनवर बसून माझ्यासाठी खोळ शिवली. पट्टीला पट्टी जुळवली, कुठे सुरकुती नाही. अशी खोळ कुठल्या राणीच्या गादीलाही नसेल. मला वाटले, आता चेहरा झाकला गेला, आता जमेल.

म्हाताऱ्याने खोळीची कड बोटाने उचलून खाली पाहिले. मी तिथेच होते.

"साहेबांनी कव्हर घातलं वाटतं," तो खुशीत म्हणाला. "बरं केलं. चामडं मळत नाही."

बाई हसली. खरेच हसली, आणि हसता हसता माझ्यावर बसली आणि स्टिअरिंगवर डोके टेकून राहिली. हॉर्न वाजला. म्हातारा घाबरून इकडेतिकडे पाहू लागला.

आता मी ज्या निगेबद्दल सुरुवातीला बोलले, ती हीच. रोज सकाळी म्हातारा खोळ काढतो, घडी घालतो आणि मला तासभर पुसतो. शिवणीतली धूळसुद्धा काडीने काढतो. पूर्वीच्या साहेबांच्या घरीही मला कुणी इतके जपले नव्हते. त्याचा हात माझ्यावरून फिरतो तेव्हा ओरडून सांगावेसे वाटते, अरे, मी तुझी आहे, तुझ्या पोरीने मला तुझ्यासाठी आणले आहे. पण सीटला तोंड नसते, मित्रांनो. आणि असते तरी त्याने ते साहेबांचे बोलणे समजून मान खाली घातली असती.

बाई अजून चार वाजता येते. आता मागे बसते. ती त्याच्याशी बाईसाहेब होऊनच बोलते, कारण दुसरी कुठली वाट तिला उरलेली नाही. एकदा तिने विचारले, "ड्रायव्हर, तुम्हाला मुलं किती?"

"एकच मुलगी, बाईसाहेब. द्वाड आहे. गाडीत बसायचा फार नाद."

"मग तिला घेऊन फिरवता का कधी?"

"माझी स्वतःची गाडी झाली की फिरवीन."

बाई खिडकीची काच खाली-वर करत राहिली.

आणि रोज, ऊन उतरले की, तो आरशात बघून घसा खाकरतो. "बाईसाहेब, आज जरा लवकर सोडाल का? घरी मुलगी वाट बघत असेल."

"जा," ती म्हणते.

तो उतरतो, हात जोडतो आणि फाटकाकडे चालू लागतो. फाटकापाशी थबकतो, कारण कुठे जायचे ते त्याला ठाऊक नसते. मग ती जाऊन त्याचे कोपर धरते आणि त्याला त्याच्याच घरात आणते. आत जाताना तो दरवेळी विचारतो, "हे कुणाचं घर?"

मित्रांनो, माझी निगा राखा असे मी म्हणणार नाही. ती भरपूर झाली. म्हाताऱ्या माणसाला नवे काही देऊ नका, असेही माझे म्हणणे नाही. जरूर द्या. लेकीच्या मनात प्रेमच होते, आणि प्रेमाने आणलेली वस्तू वाईट नसते. फक्त जुने लगेच हातावेगळे करू नका. महिनाभर घरात असू द्या, माळ्यावर, पलंगाखाली, कुठेही. चूक झालीच तर मागे फिरायला वाट असते.

आमच्या घरात ती नाही.